तिसऱ्या ठाण्याची किल्ली

१ सप्टेंबर, सोमवार

परमिशन डिनाइड. परमिशन डिनाइड. सकाळपासून सतरा वेळा! स्वतःच बसवलेल्या दाराबाहेर स्वतःच उभी.

शुक्रवारी मोठ्या सर्व्हरवरचे पासवर्ड बंद केले. आता घरून किंवा कुठूनही एसएसएचने, म्हणजे लांबून जोडणी करून, आत शिरायचं तर ज्याची त्याची किल्ली हवी. आईने विचारलं, किल्ली म्हणजे काय गं? म्हटलं, दोन फाइली असतात. एक सर्व्हरवर, एक आपल्याकडे. जोडी जुळली की दार उघडतं. "आणि तुझ्याकडची कुणी उचलली तर?" तिला परवलीचं वाक्य लागतं आई, ते फक्त मला माहीत. "मग ठीक," म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

ठीक कसलं! जोडी जुळतेय आणि दार उघडत नाहीये.

२ सप्टेंबर

सापडलं!! ऑफिसच्या तळघरात सर्व्हरसमोर खुर्ची टाकून बसले. किल्ली बरोबर, नाव बरोबर, पोर्ट बरोबर. चुकलं होतं माझं फोल्डर. सर्व्हरवर येणाऱ्या कुणालाही त्यात लिहिता येईल असं मोकळं सोडलेलं. सर्व्हरचं म्हणणं असं की जिथे कोणीही येऊन किल्ली बदलू शकतो, तिथल्या किल्लीवर मी विश्वास ठेवत नाही. शहाणा आहे माझ्यापेक्षा. एका ओळीची कमांड, आणि आत!

ताई, ऑफिसातली माझी सिनियर, जिन्यावरून ओरडली, "मिळालं का गं चिमणे?" मिळालं. "मग वर ये, चहा निवतोय."

४ सप्टेंबर

ताईची किल्ली नवा सर्व्हर घेत नाही. घेणारच नाही. बारा वर्षांपूर्वीच्या पद्धतीची आहे, ती आता कच्ची धरतात. म्हटलं, दोन मिनिटांत नवी करून देते. तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाली, "आपण माणसं दोन. दोघींना दोन किल्ल्या कशाला? एकच ठेव. चार महिन्यांनी मी रिटायर होऊन घरी बसणार. माझ्यासाठी कशाला आटापिटा?"

मी ऐकलं नाही. एकच किल्ली असली तर कुणी काय केलं हे लॉगमध्ये, सर्व्हरच्या नोंदीत, कळणार कसं? प्रत्येक किल्लीचा वेगळा ठसा उमटतो. हेच तर सगळं करायचं कारण! तिने हात जोडले. "बरं बाई, कर. पण सवडीने."

एक मात्र खरं. मी हे बोलू शकते ते तिच्यामुळेच. अकरा वर्षांपूर्वी या पाण्याच्या खात्यात आले तेव्हा एकेक कमांड वहीत बघून टाइप करायचे. एकदा अख्खा बॅकअप पुसला होता मी! ताई साहेबांसमोर उभी राहून म्हणाली, चूक माझी. नंतर मला बाजूला घेऊन झापलं ते वेगळं. आधी "मॅडम, तुम्ही" होतं. दुसऱ्या वर्षी तिनेच "ताई, तू" म्हणायला लावलं.

८ सप्टेंबर, सोमवार

आज फजिती! शहराच्या चार टाक्यांजवळ आमची चार ठाणी. तिथली यंत्रं दर तासाला पाण्यातलं क्लोरीन मोजतात आणि आकडा तिथल्याच छोट्या कॉम्प्युटरवर नोंदवतात. तिसऱ्या ठाण्यावर फायरवॉलचा नियम बसवत होते, इथे बसून. नियम लागू केला आणि स्क्रीन थिजली. दार लावलं, आणि कडी आतून. मी बाहेर! दुसरी खिडकी उघडी ठेवून मगच नियम लावायचा, हे पहिल्याच वर्षी ताईने शिकवलं होतं.

दीड तास बस. ठाण्यावरचा रखवालदार गंभीरपणे म्हणाला, "हे सगळं लांबून चालतं म्हणे तुमचं. मग आलात कशाला?" काय सांगणार कपाळ! सात मिनिटांचं काम. मोठ्या सर्व्हरवरून आलेल्यालाच ठाण्यात घ्यायचं, बाकी कुणाला नाही. नियम नीट बसला.

परत येताना टाकीखालच्या वस्तीतून चालत आले. शाळा सुटलेली. नळाशी मुलांची रांग, ओंजळीने पीत होती. एकीने मुद्दाम माझ्या चपलांवर पाणी उडवलं आणि पळाली.

१० सप्टेंबर, बुधवार

उद्यापासून रजा. परवा आईचं खुब्याचं ऑपरेशन.

निघताना ताई म्हणाली, "अगं, माझी किल्ली राहिलीच की. मधे एखाद्या ठाण्यावर काही अडलं तर मी काय करू? तुझी ठेवून जा."

नियम माझा, आणि मोडला मीच. पेनड्राइव्हवर फाइल दिली. परवलीचं वाक्य कागदावर लिहून दिलं. तिने तो कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला. "आईकडे बघ. इकडचं मी बघते."

नवी किल्ली करायला खरंच दोन मिनिटं लागली असती. पण बॅग भरायची होती, रक्ताचे रिपोर्ट आणायचे होते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ऑपरेशन नीट झालं. देवा!

साडेनऊला आत नेलं. मी बाहेर बाकावर. समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या तपासणीचा जुना तक्ता, शेवटची ओळ कुणीतरी खोडलेली. एवढंच बघत होते. साडेअकराच्या सुमाराला ताईचा फोन. दचकले, वाटलं आतूनच कुणी बोलावतंय. "चिमणे, वाक्य घेत नाहीये गं तुझं." शेवटच्या दोन शब्दांमध्ये जागा दोनदा सोडायची, म्हटलं. "हां, आता कळलं. आई कशी आहे?" आत आहे अजून. "होईल सगळं नीट. ठेवते."

बाराला डॉक्टर बाहेर आले. हसत होते. मी तिथेच रडले, अगदी हुंदके देऊन. एका अनोळखी बाईने पाठीवरून हात फिरवला.

१३ सप्टेंबर

आई शुद्धीवर. पहिलं वाक्य — "तू जेवलीस का?"

१८ सप्टेंबर, गुरुवार

आई घरी. वॉकर धरून चार पावलं टाकली आणि मलाच दमात घेतलं, "बाजूला हो, लुडबुडू नको."

शेजारचे काका सांगत होते, तिसऱ्या टाकीखालच्या वस्तीत मुलांना जुलाब-उलट्या. तेवीस मुलं दवाखान्यात! ताईला फोन केला. म्हणाली, "आपले आकडे व्यवस्थित आहेत गं. बाहेरचं काहीबाही खाल्लं असेल. तू रजेवर आहेस ना? मग रजेवर राहा."

२२ सप्टेंबर, सोमवार

 सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर लॉगचे कागद. तिसऱ्या ठाण्यावर बारा तारखेला अकरा बेचाळीसला कुणीतरी आत शिरलं. नऊ मिनिटं होतं. आधीचे दोन आकडे बदलले, आणि पुढचे आपोआप भरले जातील अशी सोय केली. शुक्रवारी सकाळी दहापासून सोमवारी सकाळी नऊपर्यंत प्रत्येक तासाला शून्य पूर्णांक चार. बहात्तर वेळा! खरं पाणी कधी असं वागतं? कमीजास्त होतंच. चौथी-पाचवीच्या मुलालाही कळेल हे हाताने भरलंय.

आत शिरलेल्याचं नाव — माझं. ठसा — माझ्या किल्लीचा.

म्हटलं, साहेब, मी दवाखान्यात होते! आईचं ऑपरेशन चालू होतं!

ते शांतपणे म्हणाले, "तुम्हीच प्रेझेंटेशन दिलं होतं ना मागच्या महिन्यात? कुठूनही काम करता येईल म्हणून."

मी कुठेही असले तरी तिथे असू शकते, ही सोय मीच उभी केली.

म्हटलं, मोठ्या सर्व्हरचा लॉग काढा. ठाण्यावर जायचं तर त्यावरूनच जावं लागतं, तेव्हा माणूस आधी कुठे बसला होता ते तिथे असेल. म्हणाले, "त्या दिवसाचा लॉग नाहीये." नाहीये म्हणजे? "नाहीये."

किल्ली ताईकडे होती, हे बोलले नाही. का नाही बोलले? नियम मोडल्याची लाज वाटली. आणि दुसरं काही मनातसुद्धा आलं नाही.

संध्याकाळी घरून लॉगिन करून पाहिलं. परमिशन डिनाइड. या वेळी फोल्डर बरोबर होतं. माझी किल्ली काढून टाकली होती.

२३ सप्टेंबर

ताईला फोन. तीनदा वाजून बंद झाला, चौथ्यांदा उचलला. किल्ली तिनेच काढली म्हणाली, साहेबांच्या सांगण्यावरून. "मला तरी कुठे बरं वाटलं गं."

ताई, त्या आठवड्यात माझी किल्ली तू वापरलीस का? कुणाच्या हातात पडली का?

"छे! पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये पडून आहे. उघडलासुद्धा नाही."

आणि मोठ्या सर्व्हरचा लॉग?

"डिस्क भरली होती. जुनं साफ करताना गेला असेल."

मला हायसं वाटलं! खरंच वाटलं. ताईने नाही वापरली, म्हणजे बाहेरच्या कुणीतरी माझ्या लॅपटॉपवरून चोरली असणार. दिवसभर लॅपटॉप तपासत बसले. एकेक फाइल. मूर्ख!

२५ सप्टेंबर, गुरुवार

बाहेरची चौकशी बसलीय. चौकशी करणाऱ्या बाईंनी रजेतल्या पहिल्या पाच दिवसांचा तपशील लिहून मागितला. किती वाजता कुठे होते, ते सगळं. आठवेना, म्हणून ही वही काढून मागची पानं उलटली.

बारा तारीख. माझंच अक्षर.

"वाक्य घेत नाहीये गं तुझं."

उघडलासुद्धा नाही म्हणाली होती ना?

फोनमध्ये पाहिलं. ताई, अकरा एकतीस. लॉगमध्ये अकरा बेचाळीस. अकरा मिनिटं.

आई दिवाणावरून विचारतेय, काय झालं, अशी का बसलीस? काही नाही म्हटलं. तिला काय सांगू? तू आत टेबलावर होतीस, आणि बाहेर बसून मी तिला दार उघडून देत होते. जागा दोनदा सोड, म्हणत होते.

आणि तिने वर विचारलं, आई कशी आहे!

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ऑफिसच्या मागच्या जिन्यावर गाठलं. डबा धुऊन वर चालली होती. मी फोन समोर धरला. तिने चष्मा खाली ओढला, वाचलं, परत कपाळावर सरकवला. मग पायरीवर बसली. मी उभीच.

"साहेबांच्या स्क्रीनवर लाल झालं होतं," म्हणाली. "क्लोरीन शून्य. ते म्हणाले मीटर बिघडलाय, नेहमीचंच आहे, सोमवारी माणूस पाठवतो. तोवर आकडा नीट करून ठेवा, उगाच वरून विचारणा नको. मलाही तसंच वाटलं गं. तो मीटर दोनदा असाच खोटा शून्यावर गेला होता. तुला माहितेय."

मीटर बिघडला होता?

"नाही. क्लोरीनचा पंप बंद पडला होता."

डब्यातून पाणी ठिबकत होतं तिच्या साडीवर.

म्हटलं, "तुम्ही माझ्या नावाने का केलंत?"

तोंडातून 'तुम्ही' निघालं. मीच दचकले. तिलाही कळलं. तिने मान वर केली, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा तिचे डोळे भरले.

"माझी किल्ली चालत नव्हती ना," म्हणाली.

एवढंच! मुद्दाम नाही, कट नाही, डूख नाही. तिची चालत नव्हती म्हणून माझी.

"आणि लॉग?"

"तो मुलं आजारी पडल्यावर पुसला. घाबरले. वाटलं, तू रजेवर होतीस, घरात आईचं आजारपण चाललेलं, तुला कोण काय म्हणणार? दोन दिवस बोलतील, सोडून देतील. माझे चार महिने राहिलेत चिमणे. तेहतीस वर्षं केली मी."

चिमणे म्हणू नका मला.

हे बोलले की फक्त मनात आलं, आठवत नाही. जिना उतरून आले. गेटवरच्या माणसाने विचारलं, बरं नाही का मॅडम? म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलंय.

२७ सप्टेंबर

तीन-तीनदा तेच आठवतं. बॅकअप पुसला तेव्हा ती म्हणाली होती, चूक माझी. तेव्हा ती अशी होती ना? की तेव्हाही मी तिला नीट पाहिलं नव्हतं?

अकरा वर्षं रोज एका टेबलावर चहा प्यालो. तिच्या गुडघ्याचं दुखणं, माझं मोडलेलं लग्न — काय काय बोललो नाही! माझ्या घटस्फोटाच्या दिवशी कोर्टात ती आली होती, सख्खी बहीण आली नाही तेव्हा. तेही खरंच होतं. आणि हेही खरंच आहे. दोन्ही एका माणसात कशी मावतात? राग धरावा तर तो कोर्टाचा बाक डोळ्यासमोर येतो. माफ करावं तर नळाशी उभी मुलांची रांग.

३० सप्टेंबर, मंगळवार

चौकशी. लांब टेबल. चौकशीच्या बाई, त्यांचा लेखनिक, साहेब, ताई, मी.

साहेब — "मी फक्त मीटर तपासा म्हणालो होतो."

ताईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग मान खाली. साहेबांनी तिलाही सोडलं, इतक्या सहज, रुमालाने हात पुसावे तसं.

वाटलं आता ती खरं सांगेल. तर म्हणाली, "किल्ली तिने स्वतःहून दिली. वाक्य फोनवर सांगितलं. काय काम आहे ते तिला माहीत होतं."

माहीत होतं!

जिन्यावरचं कळलं होतं मला. घाबरलेलं माणूस जवळ सापडेल त्या फांदीला धरतं. पण हे? हे तिने शांतपणे, नीट चष्मा लावून, माझ्याकडे न बघता सांगितलं. बारा तारखेला माझी गरज लागली म्हणून मी वापरली गेले. आज तिने मला निवडून वापरलं.

मी फोनची नोंद दिली. वहीतलं बारा तारखेचं पान वाचून दाखवलं. डॉक्टरांच्या हसण्यापर्यंत सगळं वाचावं लागलं, अनोळखी माणसांसमोर. आवाज फाटला. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मला त्या पाण्याकडे बघवेना.

किल्ली दिली ही चूक माझी, हेही सांगितलं. ते लिहून घेतलं.

१ ऑक्टोबर

दवाखान्यात गेले होते, मुलांच्या वॉर्डात. कुणाला काही सांगितलं नाही कोण ते. एकवीस मुलं घरी गेली. दोन अजून आहेत, धोका टळलाय म्हणाली नर्स. एकीच्या हाताला सलाइन, दुसऱ्या हाताने चित्र रंगवत होती. तिची आई म्हणाली, "कोणीतरी कॉम्प्युटरवाल्या बाईने आकडे बदलले म्हणे. असली कशी असतात हो माणसं?"

मी म्हटलं, हो ना.

७ ऑक्टोबर, मंगळवार

निकाल. आकडे ताईने बदलले, मला त्याची कल्पना नव्हती — असं स्वच्छ लिहिलंय. ताई निलंबित. साहेबांची इथून बदली. मला लेखी ताकीद, किल्ली दुसऱ्याच्या हाती दिल्याबद्दल. योग्यच आहे.

आईने पत्र दोनदा वाचलं, दोनदा पाठीवर थोपटलं. "सुटलीस गं बाई." जेवण झाल्यावर तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले. सुटलेच की. मग मोकळं का वाटत नाही? बहुतेक माणूस गेल्याचं दुःख आहे हे, दुसरं काही नाही. मी कुणाचं वाईट केलं नाही. माझा विश्वास होता, तो तिने मोडला. एवढीच गोष्ट आहे.

ताईचं टेबल रिकामं. ड्रॉवर तिनेच रिकामा करून नेला, मी नसताना.

९ ऑक्टोबर, गुरुवार

चौकशीच्या बाईंचा निरोप आला — एकच बाब राहिलीय, पुसले गेलेले मूळ आकडे कुठे उरलेत का? ठाण्यावर नव्हते. मग आठवलं, जोडणी करताना मी ठाण्यांना सांगून ठेवलं होतं, क्लोरीन मर्यादेखाली गेलं की माझ्या फोनवर संदेश पाठवायचा. चाचणीपुरतं. दिवसातून दहा-दहा यायचे, म्हणून रजेच्या पहिल्या सकाळी मीच ते मुके केले, आईजवळ निवांत बसता यावं म्हणून.

आज उघडले. दोन आहेत. १२ सप्टेंबर, सकाळी दहा पाच — ठाणं तीन, क्लोरीन शून्य. अकरा पाच — ठाणं तीन, क्लोरीन शून्य. दोन्ही न वाचलेले. ताईचा फोन आला तेव्हा ते माझ्या हातात होते.